रविवारी नको, शनिवारी रात्री या

मागच्या अंकात मी स्पेल्लोच्या ‘इन्फिओराता’वर लिहिलं आणि या महिन्यात पत्रांचा नुसता पाऊस पडला. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पेल्लो हे मध्य इटलीतल्या उम्ब्रिया प्रदेशातलं, सुबासिओ डोंगराच्या उतारावर चढत गेलेलं गुलाबी दगडाचं गाव. उन्हाळ्याच्या तोंडावर ख्रिस्तशरीराचा सण येतो. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आणि तिच्यात आशीर्वादित केलेली भाकरी म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, असं मानणारा हा कॅथलिक सण. त्यासाठी गावकरी शनिवारची रात्र जागून रस्त्यांवर फुलापानांची चित्रं काढतात, हीच इन्फिओराता. रविवारी सकाळी मिरवणूक त्यांच्यावरून चालत जाते. मी राहते शेजारच्या फोलिन्योत, पण सासर स्पेल्लोचं. त्यामुळे उत्तरांत सासूबाई डोकावणारच, त्याला इलाज नाही.

ताई, या सणाची नक्की तारीख काय? इंटरनेटवर दर वर्षाची वेगळी सापडते. — एक वाचक, नाशिक

वेगळीच असते, इंटरनेटचा दोष नाही. हा सण ईस्टरला बांधलेला, आणि ईस्टर चंद्राला. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा झाली की येणारा रविवार म्हणजे ईस्टर, आणि तिथून बरोबर नऊ आठवड्यांनी स्पेल्लोचा रविवार. २०२४ मध्ये तो २ जूनला आला, २०२५ मध्ये २२ जूनला, २०२६ मध्ये ७ जूनला. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या शेवटापर्यंत कुठेही. तुम्ही विमानाचं तिकीट काढाल तेव्हा आधी ईस्टर बघा, मग नऊ आठवडे मोजा.

मूळ सण खरं तर गुरुवारचा. इटलीने १९७७ साली काही धार्मिक सुट्ट्या रद्द केल्या, त्यात या गुरुवारचीही गेली, म्हणून इथल्या चर्चने तो पुढच्या रविवारी ढकलला. जगात बऱ्याच ठिकाणी अजून गुरुवारच पाळतात.

तारखेच्या या पुढेमागे होण्याचा सगळ्यात जास्त ताप फुलं गोळा करणाऱ्यांना. सण मेअखेर आला तर डोंगरावरची काही फुलं उमललेलीच नसतात. जूनच्या अखेरीला आला तर काही वाळून गेलेली असतात. त्यामुळे ‘यंदा कधी आहे?’ हा प्रश्न सासूबाई जानेवारीतच विचारून ठेवतात आणि त्यावर तोंड वाकडं करायचं की नाही ते ठरवतात.

आमच्या वसईतही या सणाला पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघते आणि लहान मुली पुढे पाकळ्या उधळत चालतात. स्पेल्लोचं हेच का? — एक वाचक, वसई

हेच. अगदी हेच. साक्रामेंत म्हणजे तीच ख्रिस्तशरीर मानलेली भाकरी. तुमच्या त्या मुलींच्या टोपलीतून जे खाली पडतं, त्याचंच पुढे चित्र झालं.

सणाचा उगम बेल्जियमच्या लिएजमधला. तिथल्या जुलियाना नावाच्या संन्यासिनीने आग्रह धरला आणि १२४६ साली तिथल्या धर्मप्रांतात तो सुरू झाला. पुढे त्याच लिएजमध्ये सेवा केलेला एक धर्मगुरू चौथा उर्बान या नावाने पोप झाला आणि त्याने १२६४ साली तो सगळ्या चर्चला लावून दिला. तेव्हा तो राहत होता ओर्व्हिएतोत, म्हणजे इथे उम्ब्रियातच. आदल्या वर्षी जवळच्या बोल्सेना गावात मिस्सा चालू असताना भाकरीतून रक्त ठिबकलं आणि वेदीवरचं वस्त्र माखलं, अशी कथा आहे. ते वस्त्र ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमध्ये आजही जपलंय आणि याच सणाला ते मिरवतात. तुम्ही वसईहून येणार असाल तर ओर्व्हिएतो चुकवू नका. माझ्यासारख्या बघ्यापेक्षा तुम्हाला तिथे जास्त कळेल.

फुलांच्या चित्रांची गोष्ट मात्र रोमची. व्हॅटिकनच्या सजावटीचं खातं सांभाळणारा बेनेदेत्तो द्रेई याने १६२५ साली, २९ जूनला, संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणासाठी मुलाच्या मदतीने पाकळ्यांचं चित्र रचलं. रोममध्ये काही काळ त्याची चलती होती. मग तिथून ती हौस आसपासच्या डोंगरी गावांत उतरली. जेन्झानो गावात १७७८ पासून ख्रिस्तशरीराच्या सणाला फुलांचा गालिचा घालतात. तिथला रस्ता एका चर्चकडे सरळ चढत जातो, त्यामुळे पायथ्याशी उभं राहिलं की सगळं चित्र एका नजरेत येतं. स्पेल्लोत तसं नाही. इथले बोळ वळणावळणाचे, पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते गेल्याशिवाय दिसत नाही. मला विचाराल तर मजा स्पेल्लोचीच. पण माझं सासर आहे, मी दुसरं काय म्हणणार!

एका दिवसाच्या हौसेसाठी एवढी फुलं ओरबाडणं योग्य आहे का? तुमच्या लेखात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. — एक वाचक, कोल्हापूर

रागावलात ते बरं झालं, कारण या निमित्ताने मला आवडीच्या विषयावर सविस्तर लिहिता येईल.

आधी फुलं कुठली ते बघा. पिवळा रंग मुख्यतः जिनेस्त्राचा. हे काटक झुडूप, मे-जूनमध्ये डोंगरउतार आणि रस्त्याच्या कडा पिवळ्याधमक करून टाकतं आणि कोणी तोडो न तोडो, पुढच्या वर्षी तितकंच माजतं. लाल रंगाला गव्हाच्या बांधावरची खसखशीच्या जातीची रानफुलं, निळ्याला शेतातलीच निळी फुलं, हिरव्याला रानबडीशेप. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातलं बरंचसं तणच. त्याशिवाय बागांतले गुलाब, आणि फुलवाल्यांकडे पडून राहिलेली कार्नेशन. सुबासिओ डोंगर आता संरक्षित उद्यान आहे, त्यामुळे तिथे दिसेल ते उपटायला कोणी जात नाही. दुर्मीळ फुलाला हात लावला तर सासूबाईंच्या गटातल्या बायका चारचौघांत उभं करतील.

आता त्याचं पुढे काय होतं ते. सणाआधीचे आठवडे संध्याकाळी स्पेल्लोच्या कुठल्याही बोळात जा. दारात खुर्च्या टाकून बायका, म्हातारे आणि शाळेतून सुटलेली पोरं बसलेली असतात. मध्ये चादर, चादरीवर फुलांचा ढीग, भोवती पुठ्ठ्याचे ट्रे. फूल हातात घ्यायचं, पाकळी सोडवायची, देठ मागे टाकायचा. या कामाला इथे ‘कापातूरा’ म्हणतात. दिसायला आपल्या अंगणात शेंगा सोलण्याइतकं सोपं, पण जिनेस्त्राची पिवळी पाकळी हिरव्या टोपीतून अख्खी सुटायला एक खास चिमूट लागते. ती मला अजून पुरती जमत नाही आणि तसं मला दरवर्षी ऐकवलं जातं. हिरवा तुकडा पिवळ्यात गेला की रात्री चित्रातल्या देवदूताच्या चेहऱ्यावर डाग दिसतो. म्हणून ट्रे वरून तपासणारी एक बाई वेगळीच असते. तिच्याशी कोणी वाद घालत नाही.

ताजी फुलं सगळी पुरत नाहीत. लाल रानफुलाची पाकळी तर हातातच मरगळते. म्हणून बराचसा माल आधीच वाळवून ठेवतात, तोही सावलीत, कारण उन्हात रंग उडतो. आमच्या घरी गाडीच्या गॅरेजमध्ये गाडी नसते, ट्रे असतात. गाडी रस्त्यावर. वाळलेल्या पाकळ्या कॉफीच्या जुन्या ग्राइंडरमध्ये फिरवून त्यांची भरड किंवा पूड करतात. त्वचेच्या छटा, सावल्या, कापडाच्या चुण्या या पुडीतून येतात. विटकरी, मळकट गुलाबी, तपकिरी असे पंधरा-वीस डबे एकट्या चेहऱ्यासाठी.

तेव्हा, योग्य आहे का? रस्त्याकडेचं जिनेस्त्रा तोडण्याबद्दल मला काही वाटत नाही. विकतची फुलं ट्रकने मागवून चित्र भरणं मला पटत नाही आणि जिथे तसं होतं तिथे मी बोलते. बोलल्याने फरक पडतो असं मात्र नाही.

मी गेली अनेक वर्षं संस्कारभारतीच्या रांगोळ्या काढते. तिथे जाऊन रांगोळीचा गट म्हणून भाग घेता येईल का? — एक वाचक, सांगली

रांगोळीची पूड घेऊन याल तर नाही. नियम कडक आहेत: फक्त वनस्पतीचं, म्हणजे फूल, पाकळी, पान, फळ-बी, ताजं चालेल, वाळलेलं चालेल, पण वरून रंगवलेलं चालणार नाही. लाकडाचा भुसा नाही, कृत्रिम काही नाही. परीक्षक वाकून बघतात. बोटांत घेऊन चुरगाळतातसुद्धा.

हात मात्र तुमचा चालेल, आणि चांगला चालेल. फक्त दोन गोष्टी वेगळ्या पडतील. एक म्हणजे इथे चिमटीतून धार सोडायची नसते. कागदावर पूर्ण आकाराचं रेखाटन आधी तयार असतं, ते रस्त्याला चिकटवतात आणि पाकळ्या त्याच्या आत एकेक रचतात किंवा दाबून भरतात. पाकळीला जाडी असते, तिची दिशा असते. एकाच पिवळ्या पाकळ्या उभ्या लावल्या तर गडद दिसतात, आडव्या लावल्या तर उजळ. रांगोळीला हा त्रास नाही आणि ही सोयही नाही.

दुसरी गोष्ट वारा. पावसासाठी चित्रांवर तंबू असतात, आत दिवे लावून रात्रभर काम चालतं. पण डोंगराचा वारा बोळात शिरला की तंबूच्या खालून येतो. मग पाणी फवारायचं. आमच्या गल्लीत त्यासाठी द्राक्षांवर औषध मारायचा पाठपंप आहे (स्वच्छ धुतलेला, काळजी नको). कमी फवारलं तर पाकळी उडते, जास्त फवारलं तर पूड ओघळते आणि संताची दाढी छातीवर येते. मी हे झालेलं पाहिलंय. पहाटे चारला त्या गटात जी भांडणं झाली ती ऐकून माझं इटालियन बरंच सुधारलं.

जमिनीवर बसून काम करायची तुम्हाला सवय असेल, त्यामुळे त्या बाबतीत तुम्ही इथल्यांना भारी पडाल. इथे सगळे गुडघ्यांना फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींचे पॅड बांधून, चित्रावर आडव्या टाकलेल्या फळीवर पोटावर पालथे. सकाळी त्यांना उठताना बघवत नाही.

भाग घ्यायचा तर एखाद्या गटातूनच. गट गल्लीचे, मित्रांचे, कुटुंबांचे. रात्री कोणाच्याही शेजारी बसून ‘मदत करू का?’ म्हणालात तर पाकळ्यांचा एक ट्रे हातात येण्याची शक्यता चांगली आहे. निदान आमच्या गल्लीत तरी.

रात्रभर खपून केलेलं चित्र सकाळी तुडवायचं! त्यांना वाईट नाही वाटत? — एक वाचक, पुणे

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आहे, म्हणून एकदाच उत्तर देते. आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा पुढे रस्त्यावर रांगोळी काढत जाणाऱ्यांना तुम्ही हे विचारता का? ती पालखी यावी म्हणूनच काढलेली. पालखी बाजूने गेली तर वाईट वाटेल.

स्पेल्लोतही तेच. रविवारी सकाळी तंबू उतरतात. मग मिस्सा, आणि अकराच्या सुमारास छत्राखाली सोनेरी पात्रात ख्रिस्तशरीर घेऊन बिशप निघतात आणि थेट चित्रांवरून चालतात. त्यांच्या पाठीमागून पाद्री, कॉन्फ्राटर्निटीची म्हणजे चर्चच्या भक्तमंडळांची माणसं, गाव. आमच्या सासूबाई मिरवणुकीत कधीच नसतात. त्या खिडकीत असतात, आणि बिशपचा पाय त्यांनी भरलेल्या भागावर पडला की नाही एवढंच बघतात. एकदा बिशप अर्धा फूट डावीकडून गेले, तर दुपारच्या जेवणापर्यंत घुश्श्यात होत्या.

जेन्झानोत तर सोमवारी मुलांना रस्त्याच्या माथ्यावर उभं करतात आणि इशारा झाला की ती चर्चकडून खाली धावत सुटतात, सगळा गालिचा विस्कटत. तोही कार्यक्रम ठरलेला, आणि मुलांना विचाराल तर तोच मुख्य.

हे सगळं आता पर्यटकांसाठीच उरलंय, असं माझ्या इटलीत राहणाऱ्या भाच्याचं म्हणणं. खरं का? — एक वाचक, दापोली

भाचा कुठे राहतो ते लिहिलं नाहीत. मिलानला असेल तर त्याचं म्हणणं असंच असणार.

थोडं खरं आहे. स्पर्धा आहे, बक्षिसं आहेत, आणि बक्षिसांपायी चित्रं दरवर्षी मोठी आणि गुळगुळीत होत चाललीत. काही चित्रं इतकी हुबेहूब असतात की ती पाकळ्यांची आहेत हे सांगावं लागतं. मग पाकळ्यांची कशाला केली, असं मला वाटतं. त्या दिवशी आठेक हजार वस्तीच्या या गावात एवढी माणसं शिरतात की रविवारी दहा वाजता तुम्ही चालत नाही, ढकलले जाता.

पण गर्दी बघायला येणाऱ्यांची असते. मे महिन्यात रोज संध्याकाळी दारात बसून फुलं सोडवणाऱ्यांना कोणी पर्यटक बघत नाही, फोटो काढत नाही, बक्षीस देत नाही. तरी त्या बसतात. आमच्या गल्लीत दोन घरं एका भिंतीवरून एकमेकांशी बोलत नाहीत. मेमध्ये मात्र त्यांच्या खुर्च्या एकाच चादरीभोवती असतात. बोलत तेव्हाही नाहीत, पण ट्रे सरकवतात.

मला सगळ्यात आवडतात ती मुलांची चित्रं. त्यांचा वेगळा गट असतो. रेषेबाहेर गेलेली पाकळी, कबुतर म्हणून काढलेली कोंबडी. तिथे गर्दीही कमी असते.

आई-वडिलांना घेऊन यायचा विचार आहे. दोघे सत्तरीचे, शाकाहारी, वडिलांचे गुडघे दुखतात. झेपेल का? — एक वाचक, ठाणे

झेपेल, पण वेळ नीट निवडलीत तर. माझा सल्ला शीर्षकातच दिलाय. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास गावात या. काम ऐन रंगात असतं, उजेड असतो, ऊन उतरलेलं असतं. बोळाबोळांत रानबडीशेपेचा वास भरलेला असतो, कारण पोत्यांनी आणलेली बडीशेप सगळीकडे चिरत असतात. मध्यरात्रीपर्यंत थांबता आलं तर उत्तम. रविवारी पुन्हा यायचंच असेल तर उजाडता उजाडता या, तंबू उतरत असताना, आणि मिरवणूक सुरू व्हायच्या आधी एका जागी खुर्ची पकडून बसा.

रोमहून फोलिन्योपर्यंत थेट रेल्वे आहे, साधारण दोन तासांच्या आत-बाहेर. तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन स्पेल्लो. गाव स्टेशनाच्या वर आहे. गावाचा खालचा दरवाजा म्हणजे रोमन काळातला पोर्ता कोन्सोलारे, तिथपर्यंत दहा मिनिटांची चाल. खरा चढ त्याच्या आत सुरू होतो. दगडी फरसबंदी गुळगुळीत झालेली आहे, त्यामुळे वडिलांना चांगल्या तळव्याचे बूट आणि काठी. वरच्या टोकापर्यंत त्यांना चढवू नका, निम्म्यात सांता मारिया माज्जोरे चर्च आहे, तिथपर्यंत पुष्कळ चित्रं होतात. मुक्काम फोलिन्यो किंवा असिसीत करा. स्पेल्लोतल्या खोल्या कधीच्याच गेलेल्या असतात.

जेवणाचं म्हणाल तर उम्ब्रिया मांसाहारी मुलूख, पण उपाशी कोणी राहत नाही. ‘तोर्ता अल तेस्तो’ म्हणजे तव्यावरची जाड पोळी, तिच्यात परतलेला पाला भरून मागा, डुकराचं मांस नको हे आधी सांगा. काबुली चण्यांचं आणि मसुरीचं सूप मिळतं, पण त्यात मांसाचा तुकडा नाही ना हे विचारून घ्या. भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर इथलं ऑलिव्ह तेल, हे तर कुठेही. स्पेल्लोच्या खालच्या उतारांवर सगळीकडे ऑलिव्हच आहेत, तेलात हात आखडत नाहीत.

आम्हाला सुट्टी ऑक्टोबरमध्येच मिळते. मग स्पेल्लोला येण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, नागपूर

आहे, आणि शांतपणे बघायला मिळेल. फुलं नसतील, पण गावाबाहेर २००५ साली वाहनतळाचं खोदकाम चालू असताना एका रोमन घराच्या मोझेइक फरशा निघाल्या, त्या आता छताखाली बघता येतात. पक्षी, प्राणी, वाइन ओतणारा माणूस. दगडाच्या तुकड्यांचं ते काम बघितलंत की पाकळ्यांची हौस या मातीला अचानक लागली नाही असं वाटून जातं. हे माझं मत, इतिहासकारांच्या माथी मारू नका.

आणि सांता मारिया माज्जोरेमधलं बाल्योनी कुटुंबाचं छोटं चॅपेल. चित्रकार पिंतुरिक्क्योने १५०१ साली त्याच्या भिंती पूर्ण केल्या. जमिनीवर देरूता गावच्या रंगीत फरश्या आहेत, १५६६ च्या. एका भिंतीवर देवदूत मरियेला येशूच्या जन्माची बातमी द्यायला आलाय. तिच्या खोलीत उजवीकडे एक फळी आहे, फळीवर पुस्तकं. त्या फळीखाली भिंतीला टांगलेली एक तसबीर दिसेल, काळ्या टोपीतल्या, किंचित रुसल्यासारख्या माणसाची. ते स्वतः पिंतुरिक्क्यो. मरियेच्या खोलीत स्वतःची तसबीर लावून ठेवायची हिंमत त्याने केली आणि पैसे देणाऱ्यांनी ती चालवूनही घेतली. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, चांगला चित्रकार होता, पण कापातूराला बसवला असता तर जमिनीवर आला असता.